कंदीलपुष्पाला जागा देताना

दुर्मीळ रानफूल पुन्हा लावायचं म्हटलं की आपली नजर आधी काळ्याभोर मातीकडे आणि पाण्याकडे जाते. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पासाठी हाच शोध घातक ठरतो. चांगल्या मातीत गवत माजतं, झुडपं चढतात आणि हे किडकिडीत रोप सावलीत गुदमरतं. त्याच्या कित्येक जातींना कातळावरची उथळ माती पुरते. पावसात चिंब, उन्हाळ्यात भाजून निघणारी. कोरडे महिने ते जमिनीखाली कंदात काढतं. अशा पठारांना आपण पडीक ठरवलं आणि हिरवाईच्या हौसेने तिथे गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती झाडं काढून मोकळा केलेला कातळ मला कुठल्याही नव्या रोपवनापेक्षा मोलाचा वाटतो.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंदीलपुष्पाच्या अनेक जाती वाढवल्या, काही पुन्हा निसर्गात नेऊन लावल्या. रोपं करणं कष्टाचं आहेच. ती न्यायची कुठे, हे ठरवणं त्याहून अवघड. बारीक माश्या या फुलाच्या नळीत शिरतात, आतल्या खाली वळलेल्या केसांमुळे अडकतात आणि केस कोमेजले की परागपुंज घेऊन सुटतात. त्या माश्या नसतील तिथे फूल येईल, पण शेंग धरणार नाही. शेंग धरली तर झुपकेदार बिया वाऱ्यावर जाणार. म्हणजे पलीकडेही त्यांना रुजता येईल असा उतार हवा.

मग माणसं आणि जनावरं. कंद खाण्याजोगा असतो, रानडुकरं आणि साळिंदरं तो उकरतात. म्हणून कुंपण सुचतं. पण युनेस्कोच्या जागतिक वारशात 2012 साली समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर कुंपण घातलं, चराई थांबली आणि गवत वाढून फुलं मागे पडत असल्याची तक्रार झाली. शेवटी कुंपण काढलं गेलं. थोडी चराई फुलांच्या बाजूची असते. म्हणून जागा ठरवताना तिथल्या गुराख्याचं मत नकाशाइतकंच महत्त्वाचं मानावं.

आणि जिथे त्याच जातीची जंगली रोपं आधीच तग धरून आहेत, तिथे दूरच्या डोंगरावरचं बियाणं मिसळण्याची घाई मला पटत नाही. योग्य उतार मिळेपर्यंत रोपं बागेतच राहू द्यावीत.