भाव करताना भाव कुठे जातो?



‘भाव’ हा शब्द आपण देवळातही वापरतो आणि बाजारातही. देवापुढे आपण भाव धरतो, भाजीवालीपुढे भाव करतो. देवळातला भाव बाजाराच्या वेशीवरच गळून पडत असेल, तर तो खरा म्हणावा का, याचा विचार आपण वारकऱ्यांनी करावा.

वारीच्या वाटेवर हजारोंच्या पंगती घालणारे दाते मी पाहिले आहेत. मोठे पुण्य ते! पण असाच एखादा दाता मेथीच्या जुडीतले दोन रुपये कमी करण्यासाठी शेतकरणीशी हुज्जत घालतो, तेव्हा कोडे पडते. पंगत म्हणजे धर्म आणि जुडीचा दाम म्हणजे नुसता व्यवहार, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. खरा क्रम असा, की आधी देणे फेडावे, मग दान करावे. कष्टाचा योग्य दाम हे देणे आहे. तो देऊन आपण कोणावर उपकार करत नाही.

शेतकऱ्याची अडचण कशात आहे तेही पाहा. भाजी नाशिवंत, बोलीत भाव पडला तरी माघारी नेता येत नाही. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाऊन हाती पट्टी येते, तेव्हा कधी कधी काढणीची मजुरीही निघत नाही. २०१६ साली महाराष्ट्रात फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर थेट विकण्याची वाट मोकळी झाली. शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. त्या सरकारी अभियानाला सावता महाराजांचे नाव दिले, हे योग्यच झाले. अरणच्या मळ्यातल्या कामातच ज्यांनी पांडुरंग पाहिला, त्यांच्या नावाच्या बाजारात आपण कसे वागतो, हे आता आपल्याकडे आले.

येथे कोणी शंका घेईल, मग व्यापारी तेवढा पापी काय? तसे नव्हे. तुकोबारायांचे घर वाण्याचेच. १६३० च्या सुमारास दुष्काळाने गांजलेल्या कुळांची खते त्यांनी आपल्या वाट्यापुरती इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. व्यापार त्याज्य नाही. दुसऱ्याच्या अडचणीवर वाढलेला नफा त्याज्य आहे.

दुसरी शंका अशी, की गरीब गिऱ्हाइकाने काय करावे? रोजंदारीवरच्या बाईने चार पैसे कमी करून मागितले, तर त्यात दोष नाही, तिचीही अडचणच आहे. म्हणून तर मधले टप्पे कमी करायचे. शेतातला भाव आणि शहरातला भाव यांत जे अंतर असते, त्यातून शेतकऱ्याला थोडे जास्त मिळू शकते आणि तिलाही थोडे स्वस्त पडू शकते.

विकणाऱ्यालाही धर्म आहे. पाटीत वर ताजे आणि खाली नासके ठेवू नये, तोलात मारू नये, मंडईतून आणलेला माल ‘माझ्या शेतातला’ म्हणून विकू नये. बाजार विश्वासावर चालतो, आणि एका लबाडाचा बट्टा सगळ्या ओळीला लागतो.

या बाजारात कारागिरालाही जागा हवी. गोरोबाकाकांचा आपण जयजयकार करतो, आणि गावच्या कुंभाराचा माठ मात्र महाग म्हणून नाकारतो. बुरुडाची टोपली, चर्मकाराची वहाण, आपल्या भजनातला पखवाज, या सगळ्यांमागे कोणाचे तरी हात आहेत.

असा बाजार उभा राहतो कशावर? ओटे हवेत, पाणी हवे, लांबून आलेल्या बायाबापड्यांसाठी स्वच्छतागृह हवे. पण सर्वांत मोठी गरज गिऱ्हाइकाच्या नेमाची. मेथी पेरून काढायला महिनाभर लागतो. आज बी टाकणारा शेतकरी महिन्यानंतर येणाऱ्या आपल्या भरवशावर ते टाकतो. आपण मात्र स्वस्त असले तरच जायचे, पाऊस लागला की घरी बसायचे, असे केले तर दोन महिन्यांत बाजार मोडतो. नेम म्हणजे काय, हे वारकऱ्याला शिकवावे लागत नाही. चिखल आहे म्हणून आपण वारी चुकवत नाही. तसाच आठवड्याचा एक दिवस या बाजारासाठी धरावा. ऐपत असेल त्याने घासाघीस न करता दाम द्यावा, आणि निघताना विकणाऱ्याला विचारावे, ‘माउली, पुढच्या आठवड्यात काय आणणार?’ तो सांगेल ते घ्यायला जावे.