दाजींचं घर

ईशानचा बारावा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्याने सायकल मागितली नाही, कुत्रा मागितला नाही, सरडा मागितला. साधासुधा नव्हे, ‘बिअर्डेड ड्रॅगन’. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला, हनुवटीखाली काट्यांची दाढी असलेला, मोठा झाला की शेपटीसकट दीड-दोन फूट भरणारा. आपल्याकडे कुंपणावर बसून मान हलवणारा सरडा असतो ना, त्याचाच हा भाऊबंद, एकाच कुळातला. आईने नाक मुरडलं. बाबांनी मात्र मनावर घेतलं. सिडनीत वेंटवर्थव्हिलला त्यांचं स्वतःचं घर होतं, आणि मुलाला काही कमी पडू द्यायचं नाही असा त्यांचा बाणा होता. न्यू साउथ वेल्समध्ये सरडा पाळायलाही परवाना लागतो. रानातून धरून आणलेला चालत नाही. बाबांनी आपल्या नावावर परवाना काढला आणि चार महिन्यांच्या पिल्लाबरोबर दुकानातला तयार संचही उचलून आणला.

संच देखणा होता. तीन फुटी काचेची पेटी, मागे लाल वाळवंटाचं चित्र, तळाला त्या चित्राशी जुळणारी लाल वाळू, प्लॅस्टिकचं निवडुंग, लपायला कवटीच्या आकाराची गुहा, रात्रीसाठी लाल बल्ब आणि मागच्या काचेला चिकटवलेलं गोल तापमापक. अशा संचात काय काय घालायचं हे बहुधा पैसे देणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघून ठरत असावं. बाबांनी पेटी दिवाणखान्यात, टीव्हीशेजारच्या बुटक्या कपाटावर मांडली. वरून धूळ पडू नये म्हणून जाळीच्या झाकणावर, दिवसाच्या पांढऱ्या दिव्याखाली, काचेचं तावदानही बसवलं.

त्याच सुमारास दहिवडीहून आजी आली होती. दाढी बघून तिने पाहुण्याचं नाव ‘दाजी’ ठेवलं. मग घरात कुणी त्याला अरेतुरे करेना. “दाजी जेवले का?” ही रोजची चौकशी झाली. आणि दाजी तर जेवत नव्हते.

शनिवार-रविवारी मराठी मंडळी यायची. पेटीसमोर कोंडाळं व्हायचं. दाजी पुढचा एक पाय उचलून हवेत हळूच गोल फिरवायचे. “अय्या, टाटा करतोय!” फोन बाहेर निघायचे. प्रत्येकाला वाटायचं, आपल्यालाच केला. ईशानने पुस्तकात शोधलं तेव्हा वेगळंच निघालं. लहान ड्रॅगन असा पाय फिरवतो तो मोठ्याला सांगायला, की मी लहान आहे, मला मारू नका. त्याने हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “असेल, पण गोड दिसतं ना?”

दाजी काळवंडत चालले. रातकिडे पुढ्यातून उड्या मारत जायचे, हे बघायचेही नाहीत. बाबांना त्यावर एकच उपाय माहीत होता. त्यांनी टांगायची झोळी आणली. मग छोटा विजेवर चालणारा धबधबा आणला. ज्या प्राण्याला कोरडी हवा लागते त्याच्या घरात रात्रंदिवस पाणी खळखळू लागलं आणि काचेच्या आतून दव धरलं. घरी आलेल्या एका काकूंना धबधबा इतका आवडला, की त्यांनी तो आपल्या गणपतीपुढे ठेवायला मागितला.

आजी हे सगळं सोफ्यावर मांडी घालून बघत होती. गावी तिने कितीतरी वर्षं कोंबड्यांची शेड सांभाळली होती. एके दिवशी तिने ईशानला जवळ बोलावलं.

“आरं, पिल्लांवर बल्ब लावला ना, की मी बल्बाकडं नाय बघायची, पिल्लांकडं बघायची. दिव्याखाली गोळा झाली म्हंजी त्यास्नी गारठा वाजतोय. लांब कोपऱ्यात पळाली म्हंजी भाजतंय. समदीकडं पसरली म्हंजी ब्येस. ह्ये दाजी दिसभर दिव्याखाली चपटं हून पडल्यात. त्यास्नी थंडी वाजतीया.”

गोल तापमापक तर ३५ दाखवत होतं. ईशानने शाळेतल्या मित्राकडून नेम धरून पृष्ठभागाचं तापमान मोजणारी गन आणली. दाजी ज्या फांदीवर बसायचे ती भरली २९. या सरड्याला ऊन खायच्या जागी ४०च्या आसपास लागतं. त्याशिवाय त्याचं अन्नही पचत नाही. आजीचं निदान अचूक होतं.

पण निदान बरोबर आलं की माणसाला औषधाचाही भरवसा वाटू लागतो. जुलैचा महिना, सिडनीतला ऐन हिवाळा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला झुकतो या माणदेशी हिशेबाने आजीने दक्षिणेची खिडकी धरली. तिथे उन्हाचा कवडसाही नव्हता. इथे सूर्य उत्तरेकडून जातो हे कळल्यावर तिने आईला हाताशी घेऊन पेटी उत्तरेच्या खिडकीत सरकवली आणि समाधानाने चहाला बसली. ईशान शाळेतून आला तेव्हा दाजी सावलीच्या कोपऱ्यात तोंड वासून काच ओरबाडत होते. गनवर त्या कोपऱ्याचा आकडा होता ४३. बंद काचेत ऊन साठतं आणि सावलीचा कोपराही तापतो. मग आतल्या जिवाला पळायला जागाच उरत नाही. वर ज्या किरणांसाठी ऊन द्यायचं ते यूव्हीबी किरण खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. ईशानने दाजींना उचलून स्वयंपाकघराच्या गार फरशीवर ठेवलं. ते वाचले.

आजीने कपाळाला हात लावला. “मी बी भायरूनच बघत हुते की. समदीच भायरून बघत्यात.”

त्या वाक्यावरून ईशानला एक सुचलं. रविवारी दाजींना टोपलीत ठेवून त्याने आपला फोन पेटीत, बरोबर त्यांच्या फांदीवर, रेकॉर्डिंग चालू करून ठेवला. पाहुणे आले, गेले. रात्री सगळ्यांनी ते चित्रीकरण पाहिलं. काचेत सगळीकडे प्रतिबिंबं होती. दाजी तिथे असते तर प्रत्येक बाजूने दुसरा एक दाढीवाला त्यांच्याकडे बघत असता. उजवीकडे टीव्हीचा निळा भडका. आणि दर थोड्या वेळाने वरून काळा पंजा उतरायचा, म्हणजे दाजींना शोधणारा कुणाचा तरी लाडाचा हात. या सरड्यांच्या डोक्यावर मधोमध एक खवल्याएवढा तिसरा डोळा असतो. त्याला चित्र दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली कळते, आणि वरून येणारी सावली म्हणजे रानात ससाणा. बाबांनी ते चित्रीकरण दोनदा पाहिलं आणि काही न बोलता धबधब्याची पिन काढली.

सरीसृपांच्या डॉक्टरीणबाईंनी दाजींचा जबडा आणि पाय चाचपले. हाडं अजून टणक होती, पण दिव्याखालच्या काचेच्या तावदानाचं ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली, कारण त्या काचेनेही यूव्हीबी अडतं. यूव्हीबी नसेल तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही, आणि मग हाडं मेणासारखी वाकतात. वाळूही काढा म्हणाल्या. लहान पिल्लू किड्याबरोबर वाळू गिळतं आणि ती पोटात अडकते.

पुढचा आठवडा घरात नुसती उचलाउचल चालली. चार फुटी पेटी आली, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. तिच्या तीन बाजू ईशानने बाहेरून तपकिरी कागदाने झाकल्या, प्रतिबिंबं कमी झाली. पेटी टीव्हीपासून दूर, छातीइतक्या उंच टेबलावर चढली. तळाला बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स. एका टोकाला दिवा, त्याखाली बागेतला चपटा दगड, आणि त्याच बाजूला यूव्हीबीची लांब नळी, मध्ये काच नाही. ती नळी वर्षाने बदलायची, कारण उजेड तसाच दिसत असला तरी किरण आटतात. लाल बल्ब गेला, रात्री अंधार. दिव्याला थर्मोस्टॅट. दुसरं टोक २५ अंशांवर, तिथे एक उलटं मडकं. आजी पालक घेऊन आली तेव्हा ईशानने थांबवलं, पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं. मग तिने लाल भोपळा किसला आणि वर कोथिंबीर टाकली.

सगळं मिळून पेटी एखाद्या अर्धवट बांधकामासारखी दिसत होती. दाजी दगडावर चढले, पिवळसर झाले, तोंड किंचित उघडून बसले. ईशानचा जीव वर गेला. आजी हसली, “ह्ये भाजल्यालं नव्हं, ह्ये तृप्त हाय. तापलं की उतरंल बघ.” आणि खरंच, थोड्या वेळाने दाजी आपण होऊन उतरले आणि मडक्याकडे गेले. त्या दिवशी त्यांनी रातकिडे खाल्ले. पाहुण्यांचा मात्र विरस झाला. टाटा बंद झाला होता.

काही महिन्यांनी शेजारचा मुलगा आला. त्यालाही ड्रॅगन हवा होता, शनिवारी त्याचा वाढदिवस होता. ईशानने त्याला तापमानाची गन आणि एक वही दिली. “आधी पेटी मांड, दिवे लाव आणि आठवडाभर रिकामीच चालव. सकाळ, दुपार, रात्र, दोन्ही टोकांचे आकडे लिही.”

आठवड्याने वही आली. ऊन खायच्या जागी ४१, थंड टोकाला ३४.

“तीन फुटी आहे ना?” ईशान म्हणाला. “यात पळायला जागाच नाही. चार फुटी लागेल.”

“पण वाढदिवस तर होऊनही गेला!”

“वाढदिवस तुझा होता.”

मुलगा वैतागून गेला. दोन दिवसांनी त्याचे बाबा पेटीची मापं विचारायला आले. त्यांच्याकडे सरडा आणखी एका महिन्याने आला.