जन्माचा दोष कोणाचा?

घरात मूल जन्मास आले की नाक कोणाचे, रंग कोणाचा, कपाळ कोणत्या आजोबांचे, ह्याची चर्चा पाळण्याभोवती सुरू होते. ही चर्चा गोड असते व तीत कोणाचे नुकसान होत नाही. परंतु मुलगी जन्मली, अथवा बाळास जन्मतःच एखादे दुखणे असले, की त्याच चर्चेचा सूर पालटतो. मग साम्य शोधण्याऐवजी दोष शोधला जातो, आणि तो बहुधा सुनेच्या माथी येऊन थांबतो. जन्माने जे प्राप्त होते त्याचे श्रेय अथवा दूषण कोणास देता येते काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस केवळ शास्त्राचा वाटत नाही. तो नीतीचाही आहे. मात्र निवाडा करण्यापूर्वी वस्तुस्थिती पाहिली पाहिजे.

ह्या वस्तुस्थितीचा पहिला उलगडा एका मठवासी पुरुषाने केला. ग्रेगोर मेंडेल ह्याने आपल्या मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवून त्यांचे निष्कर्ष १८६५ साली विद्वानांपुढे वाचले. जगाने त्यांची दखल घेतली ती १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर. उंच व ठेंगू रोपांचा संकर केला असता पहिल्या पिढीत सारी रोपे उंच निघाली. परंतु त्यांच्या पुढच्या पिढीत सुमारे तीन उंच रोपांमागे एक ठेंगू पुन्हा प्रकटले. म्हणजे ठेंगूपणा नाहीसा झाला नव्हता, तो झाकला गेला होता. प्रत्येक गुणाचे दोन अंश असतात व जनक त्यांपैकी एकच अंश अपत्यास देतो, हे मेंडेलने ताडले.

हे देणे कसे घडते, ते पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मनुष्याच्या शरीरातील पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. त्यांच्या २३ जोड्या, आणि प्रत्येक जोडीत एक मातेकडील व एक पित्याकडील. बीजपेशी तयार होताना एक विशेष विभाजन घडते, त्यास अर्धसूत्री विभाजन म्हणतात. प्रथम प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रे एकमेकांस बिलगतात व आपले काही तुकडे परस्परांत बदलतात. नंतर ती विलग होतात, आणि कोणते कोणत्या बाजूस जावे हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे, निव्वळ योगायोगाने ठरते. अखेरीस बीजपेशीत २३ गुणसूत्रे उरतात. तुकड्यांची अदलाबदल हिशेबात न धरताही एका व्यक्तीच्या बीजपेशींचे ८३,८८,६०८ प्रकार संभवतात. एकाच मातेच्या उदरी जन्मलेली भावंडे इतकी निराळी का, ह्याचे उत्तर येथे आहे. आणखी एक नवल असे की स्त्रीच्या बीजपेशींतील हे विभाजन ती स्वतः गर्भात असतानाच सुरू होते व मध्येच थांबून अनेक वर्षांनी पूर्ण होते. नातवंडाच्या घडणीचा आरंभ असा आजीच्या उदरात झालेला असतो. परंतु त्या आजीने काही निवडले असे कोण म्हणेल?

आता मुलगा व मुलगी ह्यांचा प्रश्न घेऊ. स्त्रीच्या तेविसाव्या जोडीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या जोडीत एक एक्स व एक वाय. माता अपत्यास एक्सच देऊ शकते. पित्याकडून एक्स आले तर सामान्यतः मुलगी, वाय आले तर मुलगा. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स ह्या अमेरिकन विदुषीने पिठातील भुंगेऱ्याच्या बीजपेशी तपासून ह्या नियमाचा शोध लावला. ह्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरीही २०११ च्या जनगणनेत आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्यात, तसेच शेजारच्या भिंड व मुरैना जिल्ह्यांत, सहा वर्षांपर्यंतच्या वयात दर हजार मुलग्यांमागे साडेआठशेहूनही कमी मुली आढळल्या. ही तूट निसर्गाने केलेली नव्हे. निसर्गाचा योगायोग जवळजवळ सारखे वाटप करतो. तूट मनुष्याने केली, आणि गर्भलिंगपरीक्षेस मनाई करणारा कायदा १९९४ साली झालेला असताना केली.

कोणी म्हणेल, मातेचा दोष नाही तर मग पित्याचा म्हणावा. आम्हांस हेही मान्य नाही. आपल्या कोणत्या बीजपेशीत काय गेले हे पित्यास ठाऊक नसते व त्यावर त्याची सत्ता चालत नाही. दोष एका माथ्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवावयाचा नसून तो टाकून द्यावयाचा आहे. दुसरा कोणी म्हणेल, हे प्राक्तन आहे. प्राक्तन मानणाऱ्याशी आमचा वाद नाही. परंतु प्राक्तनाचा हिशेब जर दुसऱ्याच कोणाच्या दरबारी होत असेल, तर त्याची शिक्षा स्वयंपाकघरात बसून सुनेस देण्याचा अधिकार सासूस अथवा दिरास कोठून आला?

आनुवंशिक रोगांविषयीही हाच विवेक हवा. सिकलसेलसारख्या रक्तविकारात माता व पिता दोघेही स्वतः निरोगी, पण सदोष अंशाचे वाहक, असू शकतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास तो रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील असा हिशेब नाही. प्रत्येक जन्माची सोडत नवीनच निघते. आमच्याच प्रांतातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सोडतीत काय निघाले ह्याबद्दल कोणी अपराधी नाही. परंतु रक्ततपासणी सहज होऊ शकत असता कुळाच्या नावास बट्टा लागेल म्हणून ती टाळणे हे मात्र कृत्य आहे, आणि कृत्याचा जाब द्यावाच लागतो.

मग कुळ म्हणजे काहीच नव्हे काय? आडनाव एकाच धाग्याने येते. परंतु दहा पिढ्यांमागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. मुलगी पित्याकडून २३ गुणसूत्रे घेते, मुलगाही तितकीच घेतो. किंबहुना एक्स हे वायच्या दुपटीहून मोठे असल्याने मुलीच्या वाट्यास पित्याचे किंचित अधिकच येते. वंशाचा दिवा एकट्या पुत्राच्या हाती, हे रक्ताच्या हिशेबानेही टिकत नाही.

आणि आमच्या ग्वाल्हेरीस तर हे सांगावयास नकोच. १८२७ साली दौलतराव शिंदे निपुत्रिक वारले तेव्हा बायजाबाईंनी जनकोजीरावांस दत्तक घेतले. १८४३ साली जनकोजीराव वारले तेव्हा ताराबाईंनी जयाजीरावांस. दोनदा गादी दत्तकाने चालली, आणि तिला कोणी परकी म्हटले नाही. येथील गायकी पाहा. हद्दू खाँ व हस्सू खाँ ह्यांची विद्या वासुदेवबुवा जोशी ह्यांजकडे आली, त्यांजकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. ह्या परंपरेस आपण घराणेच म्हणतो, जरी तीत एका कंठातून दुसऱ्या कंठात रक्ताचा थेंबही गेलेला नाही. जे दिले गेले ते जाणून, निवडून आणि कष्टाने दिले गेले. म्हणूनच त्याचे श्रेय देता येते.

आमच्या मते श्रेय आणि दूषण ह्यांची सीमा हीच. गर्भात जे मिळते त्याचा गर्वही नको, लाजही नको. पाळण्यात घातल्यावर त्या जिवास आपण काय देतो, ह्याचे उत्तर मात्र प्रत्येक घराने द्यावयाचे आहे. पुढील बारशास जाल तेव्हा नाक कोणाचे हे अवश्य विचारा. मुलगी असेल तर पेढे तितकेच वाटले गेले काय, हेही पाहा. आणि कोपऱ्यात बसलेल्या बाळंतिणीस कोणी टोचून बोलत असेल, तर तेथे गप्प राहू नका.