शिट्टी ज्याच्या हाती, जबाबदारी त्याच्या माथी



एलूल महिना लागला की आपल्या सिनेगॉगांत सेलिहोथ सुरू होतात आणि त्याच सुमारास शब्बाथला 'शोफेतीम' ही पराशा वाचली जाते. अनुवादाच्या १६ व्या अध्यायात तिचा आरंभ होतो तो न्यायाधीश नेमण्याच्या आज्ञेने, आणि २१ व्या अध्यायात तिचा शेवट होतो तो रानात सापडलेल्या एका प्रेताने. मारणारा कोण, हे कोणालाच ठाऊक नाही. न्यायाधीशापासून निघालेली वाट एका बेवारस प्रेतापाशी का बरे संपावी?

'शोफेत' म्हणजे न्यायाधीश. पण या देशात जन्मलेल्या आपल्या नातवंडांसमोर हा शब्द उच्चारा. त्यांना कोर्ट आठवणार नाही, शिट्टी घेऊन मैदानावर धावणारा फुटबॉलचा पंच आठवेल. हिब्रूत दोघांना एकच नाव आहे. आज आम्ही या दुसऱ्या शोफेतविषयी बोलणार आहोत, कारण एकदा तो शोफेत आम्हीच होतो.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत आपल्या मंडळींच्या मुलांचा मैत्रीचा सामना ठरला. पंच मिळेना, म्हणून शिट्टी आमच्या गळ्यात पडली. उंच आलेल्या चेंडूसाठी दोन मुले उडाली आणि डोक्यावर डोके आदळले. एक मुलगा मटकन खाली बसला, मग उठला. आम्ही विचारले, "काय रे, बरा आहेस ना?" तो म्हणाला, "काही नाही झालं काका, खेळतो मी." आम्ही शिट्टी फुंकली. थोड्या वेळाने तो चेंडू घेऊन स्वतःच्याच गोलाकडे धावू लागला. मुले हसली. आम्हीही हसलो. त्या रात्री त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि आईबापांनी त्याला इस्पितळात नेले. परमेश्वराच्या दयेने मुलगा बरा झाला. पण कित्येक आठवडे वाचायला बसला की त्याचे डोके ठणके. त्याच्या आईने आम्हांला एक शब्दही बोलून दाखवला नाही. तेच आम्हांला अधिक लागले.

नंतर आम्ही फुटबॉलचे नियम उघडून पाहिले. पाचवा नियम पंचाचा. खेळाडूला गंभीर दुखापत झाली असे पंचाला वाटले तर त्याने खेळ थांबवावा आणि त्याला मैदानाबाहेर पाठवावे. पुन्हा आत येण्याची परवानगीही पंचानेच द्यावी. त्याच नियमात असेही आहे की नियमांना धरून दिलेल्या निर्णयामुळे कोणाला इजा झाली तर पंचाला जबाबदार धरले जात नाही. म्हणजे आम्ही सुटलो! पण आपले हाखामीम तलमूदमध्ये काही कृत्यांविषयी सांगतात की माणसांच्या न्यायालयात मनुष्य सुटतो, स्वर्गाच्या न्यायालयात मात्र त्याला उत्तर द्यावे लागते. आमचे कृत्य यांपैकीच, असे आमचे मन आम्हांला सांगते.

आता त्या प्रेताकडे वळू. सर्वांत जवळचे गाव कोणते हे मोजून काढीत. मग त्या गावचे वडीलधारे हात धुऊन, हे रक्त आपण सांडले नाही, असे जाहीर करीत. मिश्ना विचारते : वडीलधाऱ्यांना कोणी खुनी समजत होते काय? नव्हे. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा की, हा मनुष्य आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी, सोबतीवाचून जाऊ दिले असे घडले नाही. पाहिले आणि जाऊ दिले, एवढ्यानेही हात मळतात. आम्ही त्या मुलाला धक्का दिला नव्हता. आम्ही त्याला पाहिले आणि जाऊ दिले.

कोणी म्हणेल, "मुलगाच म्हणाला ना, मी बरा आहे!" यालाही तलमूदने योमा या भागात उत्तर दिले आहे. किप्पूरच्या दिवशी आजारी मनुष्य म्हणतो मला अन्न नको आणि वैद्य म्हणतो हवे, तर ऐकायचे वैद्याचे. का? आजाराने रोग्याची शुद्धच गढूळ झालेली असेल. डोक्याच्या माराचे हेच आहे. पाय मुरगळला तर पाय सांगतो; पण मेंदूला हादरा बसला तर जो साक्ष देणार तोच साक्षीदार जखमी! पुष्कळदा शुद्ध हरपतही नाही. केवळ चक्कर, गोंधळ, शून्य नजर, विसर.

२०१४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरच्या डोक्याला जबर टक्कर बसली. तो खेळत राहिला, आणि काही वेळाने त्याने पंच निकोला रिझोली यांना विचारले की हा अंतिम सामनाच आहे ना? रिझोली यांना आधी थट्टा वाटली. पण त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही, क्रामरच्या सहकाऱ्याला सांगितले, आणि ३१ व्या मिनिटाला क्रामर बाहेर आला. तिथे डॉक्टर होते, साऱ्या जगाचे डोळे होते. तरी खूण ओळखली पंचाने. आपल्या मुलांच्या मैदानावर डॉक्टर कुठला? तिथे आहे फक्त शिट्टीवाला.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. डोक्याला मार लागला आणि शंका आली, तर मुलाला बाहेर बसवा. त्या दिवशी पुन्हा आत घेऊ नका. त्याला एकटे सोडू नका, आईबापांना सांगा, डॉक्टरला दाखवा. ओकारी, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी दिसली तर तडक इस्पितळ गाठा. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर, क्वचित का होईना, कोवळ्या मुलाच्या जिवावर बेतते. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी काढलेल्या सूचनांत, अशा माराच्या दिवसापासून निदान २१ दिवस स्पर्धेत उतरू नये असे सांगितले आहे. आणि आईबापांनो, पंचाने तुमच्या मुलाला बाहेर काढले तर त्याच्यावर ओरडू नका. त्याचे आभार माना.

जिवाला धोका असल्याची नुसती शंका असली तरी शब्बाथ बाजूला ठेवा, अशी आपल्या धर्माची आज्ञा आहे. ज्या शंकेपुढे शब्बाथ थांबतो, तिच्यापुढे चेंडू थांबू नये काय? कोकणात आपले पूर्वज 'शनवार तेली' म्हणून ओळखले गेले, ते तेल गाळण्यामुळे जितके, तितकेच शनिवारी घाणा थांबवण्यामुळे. थांबणे हा आपला जुना वारसा आहे.

या सेलिहोथांत आम्ही त्या मुलाचे नाव मनात घेऊन क्षमा मागतो. तुमच्यापैकी ज्याच्या हाती शिट्टी येईल, त्याच्यावर ही पाळी न येवो, आणि आपली लेकरे मैदानावरून आपल्या पायांनी हसत घरी येवोत. आमेन.