चूक कोणाच्या खाती?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या वह्यांची पूजा करतो. कोऱ्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतो, शुभ-लाभ लिहितो आणि हात जोडतो. आता पुष्कळ पेढ्यांतून वहीच्या जागी संगणक येऊन बसला आहे आणि फुले त्याच्यावर वाहिली जातात. या प्रथेचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. धनाबरोबर हिशेबही पूज्य मानणारा समाज शहाणा म्हटला पाहिजे. पण या पूजनीय हिशेबात एक रकाना कधीच नसतो. जे नुकसान व्हायचे होते, परंतु कोणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहिल्यामुळे झाले नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही.

माझे पोट अशा नोंद न होणाऱ्या कामावर चालते. नाशिकमध्ये बसून मी सॉफ्टवेअर तपासतो. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रणालीत दोष कोठे दडले आहेत, ते ती गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वी हुडकून काढायचे, हा माझा धंदा. एकदा एका प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना तपासणीसाठी मी तीन आठवडे मागितले. प्रकल्पाचे व्यवस्थापक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी शांतपणे विचारले, "तीन आठवड्यांचे पगार मला द्यावे लागतील. त्याबद्दल माझ्या पदरात काय पडेल, तेवढे सांगा."

मी म्हणालो, "साहेब, पुढे काही घडणार नाही, हेच पदरात पडेल."

सगळे हसले. मला दोन आठवडे मिळाले. पण तो प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून राहिला, कारण तो मुळीच वावगा नव्हता. ज्याला दर महिन्याला पगार वाटायचे आहेत, त्याने खर्चाचे कारण विचारले तर रागावायचे कशाला?

या प्रश्नाला अर्थशास्त्राचे एक उत्तर आहे. फिलिप क्रॉस्बी नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने 1979 साली एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले की, चांगल्या कामाला जादा पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते काम पहिल्या वेळी नीट न केल्याचे. आपल्या गृहिणीला हे समजण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. अनारशांचे पीठ तयार झाले की ती आधी एकच अनारसा तुपात सोडते. तो हसला, तर हात आवरते, पीठ सारखे करते आणि मग पुढचा घाणा घालते. तिचे नुकसान होते एका अनारशाचे. सॉफ्टवेअरचे गणित असेच आहे. गिऱ्हाइकाला काय हवे हे ऐकण्यात झालेला घोटाळा कागदावर असतानाच सापडला, तर तो पेन्सिलीने खोडता येतो. प्रणाली लिहून झाल्यावर सापडला, तर कित्येक दिवसांचे काम उसवावे लागते. आणि तो हजारो लोकांच्या हाती पोचल्यावर उघड झाला, तर दुरुस्तीच्या खर्चावर गेलेल्या विश्वासाची भर पडते.

हे उत्तर मी पुष्कळ बैठकांतून दिले आहे. पण अलीकडे मला ते अपुरे वाटू लागले आहे. कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ज्याने तपासणीचा खर्च वाचवला, त्यालाच चुकीची किंमत मोजावी लागेल. स्वयंपाकघरात हे खरे असते. बिघडलेले अनारसे घरचेच लोक मुकाट्याने खातात. बाजारात तसे होईलच असे नाही. तरी आमच्या भांडीबाजारात गिऱ्हाईक तांब्याची कळशी बोटाने वाजवून पाहते, उजेडासमोर धरून तिच्यात भोक नाही ना, याची खात्री करून घेते. सॉफ्टवेअर असे वाजवून पाहता येत नाही. विकत घेणारा केवळ विश्वासावर घेतो. आणि ज्याने ते वापरायचे, तो तर पुष्कळदा विकत घेणारादेखील नसतो.

याचे परिणाम किती दारुण होऊ शकतात, हे ब्रिटनमधल्या पोस्ट ऑफिसच्या प्रकरणात जगाने पाहिले. तेथे 1999 पासून शाखांतून 'होरायझन' नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. लहान लहान शाखा चालवणारे सबपोस्टमास्तर बहुधा साधे दुकानदार. प्रणालीतल्या दोषांमुळे त्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली आणि ती भरून देण्याची मागणी त्यांच्याकडे होऊ लागली. कोणी आयुष्याची पुंजी ओतली, कोणी कर्ज काढले. 2015 पर्यंत 900 हून अधिक माणसे चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. काहींनी तुरुंग पाहिला. संगणक बरोबरच चालत असतो, हे न्यायालये धरून चालत होती. पुढे 555 जणांनी एकजुटीने दावा लावला, तेव्हा 2019 च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा निर्वाळा दिला. आणि शेकडो शिक्षा रद्द करण्यासाठी 2024 साली पार्लमेंटला खास कायदा करावा लागला. तोवर कित्येकांची उमेद सरली होती, काही जण हे जग सोडून गेले होते.

या प्रकरणात यंत्राची चूक अक्षरशः दुसऱ्याच्या खाती मांडली गेली. म्हणून मला वाटते, तपासणीला किती खर्च येईल, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा की, चूक राहिलीच तर ती कोणाच्या खाती पडणार? तो माणूस या बैठकीत बसला आहे काय? नसेल, तर त्याच्या वतीने कोण बोलणार? हा प्रश्न विचारला की गुणवत्तेचे अर्थशास्त्र नीतिशास्त्राच्या अंगणात येऊन उभे राहते.

आमच्या ओझरला विमानांचा कारखाना आहे. 1960 नंतरच्या दशकात तेथे मिग विमाने बनू लागली. 17 ऑक्टोबर 2025 रोजी तेथे तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क 1ए विमानाने आकाशात झेप घेतली. या विमानात दांडी वैमानिकाच्या हाती असली, तरी पंखांना प्रत्यक्ष आज्ञा संगणक देतो. नव्या विमानाची चाचणी घेणारा वैमानिक त्यातच बसलेला असतो. दोष राहिला तर तो कोणाच्या खाती, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना त्या खुर्चीवर कोणी बसवत नाही; आमची चूक आम्ही झोपेत असताना कोणा अनोळखी माणसाला गाठते. म्हणून त्या खुर्चीवर आपण मनाने तरी जाऊन बसावे.

पण मग तपासत राहावे तरी किती? डच शास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच बजावून ठेवले आहे की, तपासणीने दोष आहेत एवढे सिद्ध होते, दोष नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही. शंभर टक्के निर्दोष वस्तू देण्याचा हट्ट धरला, तर काहीच देता येणार नाही. कोठेतरी थांबावे लागते. ज्या चुकीने चित्राचा रंग बिघडेल, तिच्यासाठी एक दिवस पुरे. जिच्यामुळे कोणाची अब्रू जाईल किंवा औषधाची मात्रा चुकेल, तिच्यासाठी महिना थोडा. आणि थांबल्यावर जे तपासायचे राहिले, ते उघड सांगावे.

या उघडपणाचा एक नमुना नाशिकरोडच्या परिसरात, नव्हे आपल्या खिशातच सापडेल. तेथल्या चलनी नोटांच्या छापखान्यात 1928 पासून नोटा छापल्या जातात. नोटांच्या नव्या पुडक्यात शंभर नोटांचे क्रमांक सलग असत. छपाईत एखादी नोट सदोष निघाली, तर तिच्या जागी दुसरी घालावी लागते. 2006 पासून रिझर्व्ह बँकेने अशा बदली नोटेच्या क्रमांकात एक छोटी चांदणी छापायला सुरुवात केली, आणि त्या पुडक्याच्या पट्टीवरही तसा उल्लेख असतो. 2023 साली चांदणीच्या नोटा खोट्या असल्याची आवई उठली, तेव्हा त्या पूर्णपणे चलनी आहेत असा खुलासा बँकेने केला. वास्तविक ती चांदणी म्हणजे प्रामाणिकपणाची खूण आहे. येथे एक चूक झाली होती, ती आम्हाला सापडली, तिचा भार आम्ही उचलला, असे ती मुक्याने सांगते.

व्यवस्थापकांच्या त्या प्रश्नाला आज मी वेगळे उत्तर देईन. तुमच्या पदरात कदाचित काहीच पडणार नाही, साहेब. पण ज्याला तुम्ही कधी पाहणार नाही, अशा एका माणसाच्या खाती जे पडायचे होते, ते पडणार नाही. आणि त्याला ते कधी कळणारही नाही. एवढ्यासाठी तीन आठवड्यांचे पगार देणे परवडते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवायचे आहे.