सत्तावीस फेब्रुवारीचं थाळनेर

पिंपळनेर, ता. साक्री

चि. नातीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी पोचली. मराठी भाषा गौरव दिनाच्या शेजारी फळ्यावर ‘२७ फेब्रुवारी : लढायांचा दिवस’ असा दिनविशेष लिहायचा, हे तुझ्या बाईंना पटलं म्हणजे कमालच. कुसुमाग्रजांचा वाढदिवस आणि बाजूला तोफा! तुझी आजी म्हणाली, “पोरले दुसरं काई सुचत नई का?” मला मात्र यादी आवडली. माजुबा, पार्डेबर्ग, जावा समुद्र, कुवेत, काश्मीर, सगळं जग फिरून आलीस. फक्त थाळनेर राहिलं, आणि ते तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं गाव. आपली पांझराही शेवटी तापीलाच मिळते, तेव्हा परकं म्हणायची सोय नाही. खानदेशच्या फारुकी राजांचं हे जुनं ठाणं. मलिक राजा १३९९ साली वारला, त्याची कबर तिथंच आहे. १८१८ साली किल्ला होळकरांकडे होता. किल्लेदाराचं नाव तुळशीराम मामा. शिबंदी सुमारे ३०० माणसांची, त्यात अरब बरेच.

हा किल्ला इंग्रजांना आधी कागदावर मिळाला होता. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज मोडली. राज्य चालवणाऱ्या तुळसाबाईला आदल्याच दिवशी घरच्याच लोकांनी मारलं होतं आणि गादीवर होता अल्पवयीन मल्हारराव. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांनी सोडला, त्यात आपला खानदेशही गेला. मग मद्रास फौजेचा सेनापती सर थॉमस हिस्लॉप मुलूख ताब्यात घेत दक्षिणेकडे निघाला. सेंधव्याचा किल्ला न लढता हाती आला. २७ फेब्रुवारीला तो थाळनेरसमोर पोचला, तेव्हा तटावरून गोळ्या आल्या.

हिस्लॉपने किल्लेदाराला निरोप धाडला. तुझ्या धन्याने किल्ला आम्हाला दिला आहे, आता लढलास तर तुला बंडखोर समजू. इथे जरा थांब. शत्रू शरण आला की कैदी होतो, बंडखोराच्या वाट्याला दोर येतो. एकही दरवाजा फुटायच्या आत तुळशीराम मामाचा गुन्हा ठरून गेला होता.

तोफा चालल्या, तटावरून बंदुका चालल्या. पुढे किल्लेदाराने अटी विचारल्या. उत्तर आलं, अट कसली, दरवाजे उघडा. गोरी फौज एकेक दरवाजा ओलांडत आत सरकली. वाटेतल्या एका दरवाजाशी मामा स्वतः बाहेर आला आणि स्वाधीन झाला. शेवटच्या दरवाजामागे अरब होते, त्यांना अटी ठरवून हव्या होत्या. काही बोलणं झालं, दिंडी उघडली गेली आणि काही अधिकारी मोजके शिपाई घेऊन आत शिरले. आतल्यांना यांचं कळलं नाही की यांना आतल्यांचं, पण क्षणात हत्यारं चालली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर तिथेच पडले. त्यावर बाहेरची फौज घुसली आणि शिबंदी कापून काढली. त्याच संध्याकाळी तुळशीराम मामाला फाशी दिलं.

मला कत्तलीपेक्षा ही फाशी जास्त खटकते. रक्त डोक्यात गेलेल्या शिपायाचं एक वेळ समजतं. पण आत हत्यारं चालली तेव्हा मामा इंग्रजांच्याच ताब्यात होता. शांत डोक्याने, हुकूम देऊन त्याला टांगलं. हे खुद्द विलायतेतही अनेकांच्या घशाखाली उतरलं नाही. १८१९ साली ब्रिटिश संसदेत मराठ्यांशी झालेल्या या युद्धाबद्दल आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरवरून प्रश्न निघाले आणि आभारांतून ती घटना वेगळी ठेवावी लागली. हिस्लॉपचा बचाव असा, की एका किल्ल्याला धडा दिला म्हणून बाकीचे मुकाट्याने आले. गाळणा, चांदवड खरंच न लढता गेले. पण त्यापुढे मालेगावही आहे, हे बचाव करणारे सांगत नाहीत. मे-जूनमध्ये तिथल्या अरबांनी किल्ला जवळजवळ महिनाभर लढवला, इंग्रजांची २०० हून जास्त माणसं मारली किंवा जखमी केली आणि १३ जूनला खाली उतरले ते अटी पदरात पाडूनच. थाळनेरला बिनशर्त शरण आलेल्याचं काय झालं हे त्यांच्या कानावर गेलं नसेल, असं मला तरी वाटत नाही.

म्हणजे बघ, थाळनेरच्या २७ फेब्रुवारीचं नातं आहे २१ डिसेंबरशी, ६ जानेवारीशी आणि १३ जूनशी. तुझ्या यादीतल्या बाकीच्या २७ फेब्रुवारींशी त्याचा काही संबंध नाही. एका तारखेच्या लढाया म्हणजे एका डब्यात बसलेले प्रवासी, गावं ज्याची त्याची वेगळी.

अपवाद एकच, आणि तो तुझ्या यादीत आहे. १८८१ साली दक्षिण आफ्रिकेत माजुबाच्या टेकडीवर बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांना हरवलं, जनरल कॉली मारला गेला. बोअर तो दिवस विजयदिन म्हणून पाळू लागले. १९०० साली पार्डेबर्गला त्यांचा सेनापती क्रोनिए वेढ्यात सापडला आणि सुमारे ४,००० माणसांसह शरण आला तोही २७ फेब्रुवारीलाच. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने लंडनला तार केली, तीत आज माजुबाचा दिवस आहे हे आवर्जून घातलं. इथे तारीख योगायोगाने आली नाही, माणसं तिला एकोणीस वर्षं मनात धरून बसली होती. या दोन नोंदी फळ्यावर एकाखाली एक लिही आणि मध्ये बाण काढ.

कुवेतची नोंद मात्र खोडावी लागेल. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी युद्धविराम जाहीर केला तेव्हा वॉशिंग्टनला २७ तारखेची रात्र होती. कुवेतमध्ये २८ ची पहाट झाली होती आणि इथे पिंपळनेरला सकाळचा चहा झाला होता. ज्यांच्या जमिनीवर युद्ध झालं त्यांचं घड्याळ धरायचं, एवढा नियम ठेव.

२०१९ च्या नोंदीत तू वैमानिक अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या हाती लागले एवढंच लिहिलंस. त्याच सकाळी काश्मीरमध्ये बडगामला आपल्या हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई सैनिक आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यातच होते, आपल्या शेजारच्या नाशिकचे. हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडलं होतं. ही मोठी चूक झाली, असं हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केलं. हे लिहिताना बाईंनी “हे कशाला?” विचारलं तर माझं नाव सांग. विजयाच्या ओळी कुणीही लिहील.

फळ्यावर जागा कमी पडली तर जावा समुद्र काढून टाक. डच अ‍ॅडमिरल डोरमन १९४२ साली तिथे आपल्या जहाजाबरोबर बुडाला, मोठी लढाई होती, पण तुला तिच्याबद्दल तारखेपलीकडे काही सांगता येणार नाही. थाळनेरला मात्र चार ओळी दे. सुट्टीत आलीस की आधी धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊ, मग शिरपूरची गाडी धरू. उन्हाच्या आत निघायचं, तापीकाठी दुपारी सावली मिळत नाही. आजीने पापड करायला घेतलेत, तुझा वाटा वेगळा ठेवला आहे. बाईंना नमस्कार सांग.

तुझा,
नाना