चेकच्या आधी सही

रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. १८९१ मध्ये शहरातल्या ‘मैदाना’वर बायकांचा स्वतंत्र गोल्फ क्लबही निघाला. रॉयल कलकत्ताच्या टॉलीगंजमधल्या हिरवळीची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा, शिवशंकर प्रसाद चौरसिया, बघून बघून हा खेळ शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. त्यामुळे बांधकामावरच्या बायकांच्या मदतीसाठी कोलकात्यात गोल्फची स्पर्धा भरवावी, ही कल्पना श्रीमंतांचा शौक म्हणून मला उडवून लावावीशी वाटत नाही. स्पर्धेकडून नेमकं काय मागायचं, ते मात्र ठरवायला हवं.

अमेरिकेत ही प्रथा रुळलेली आहे. बांधकाम क्षेत्रातल्या बायकांची तिथली राष्ट्रीय संघटना १९५३ साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला १६ जणींनी सुरू केली. तिच्या शाखा अशा स्पर्धा भरवतात, प्रायोजक मिळवतात आणि त्या पैशातून मुलींना शिष्यवृत्त्या देतात. ज्या मुलीला इंजिनियर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचं आहे, तिची अडचण पैशाने बरीचशी सुटते.

कोलकात्याजवळच्या राजारहाट-न्यू टाउनच्या साइटवर वाळू वाहणाऱ्या बाईची अडचण वेगळी आहे. पुण्या-मुंबईच्या नाक्यावर उभी राहणारी आपली बिगारी बाईही याच अडचणीत आहे. तिच्याबरोबर कामाला लागलेला पोरगा काही वर्षांत ओळंबा धरायला शिकतो, गवंडी होतो, त्याची मजुरी वाढते. तिच्या डोक्यावर मात्र घमेलंच राहतं. थापी तिच्या हातात कुणी देत नाही. कित्येक ठिकाणी जोडप्याची मजुरी नवऱ्याच्या हातात पडते आणि हजेरीत तिचं नावही नसतं. मला याची चीड येते, कारण हा अन्याय रोज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतो.

पैसा नाही, असंही नाही. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर किमान १ टक्का उपकर लावला आणि मजुरांसाठी कल्याण मंडळांची तरतूद केली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला तेव्हा देशभर ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमले होते आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. लाभ हवा तर नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा पुरावा. आठ दिवस इथे, पंधरा दिवस तिथे राबणाऱ्या बाईने तो आणायचा कुठून? मुकादम लिहून देत नाही, आणि मालकाला तर ती दिसतच नाही.

पाळणाघराचीही तीच गत. पन्नासपेक्षा जास्त बायका असलेल्या साइटवर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी, असं १९९६ च्याच कायद्यात होतं. पण काम पोटकंत्राटदारांत वाटलं गेलं की कुणाच्याच कागदावर पन्नास भरत नाहीत. १९६९ मध्ये मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरच्या मुलांसाठी ‘मोबाइल क्रेशेस’ सुरू केलं आणि पुढे ते काम मुंबई-पुण्यातही आलं. खडीच्या ढिगाशेजारी झोपलेली बाळं पाहिलेल्या कुणालाही त्याचं मोल सांगावं लागत नाही.

आता गोल्फच्या मैदानावर कोण उतरतं ते पाहा. बिल्डर, सिमेंट-पोलाद कंपन्यांचे अधिकारी, बँकवाले. तिच्या ९० दिवसांच्या दाखल्यावर ज्याची सही चालते, तो माणूस यांच्यातच असतो. म्हणून प्रवेश शुल्काआधी त्याच्याकडून एक यादी घ्यावी: त्याच्या साइटवरच्या, पोटकंत्राटदारांकडच्यासुद्धा, किती बायकांची नोंदणी झाली. यादी नसेल तर त्याचा चेक घेऊ नये. एखादा प्रायोजक जाईल, जाऊ दे.

जमलेला निधी गवंडीकामाच्या प्रशिक्षणावर लावावा आणि त्या काळातली रोजची मजुरीही त्यातूनच भरावी. रोज बुडवून शिकणं तिला परवडत नाही. बायकांना हे काम झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी केरळात कुटुंबश्री या सरकारी योजनेच्या गटांतल्या बायकांनी बांधलेली घरं पाहावीत. शिकून बाहेर पडलेल्या बाईला पहिलं काम स्पर्धेत खेळलेल्या बिल्डरनेच द्यावं, गवंड्याच्या पूर्ण दराने, हजेरीत तिच्या नावाने. न्यू टाउनमध्ये गिलाव्याच्या कामांना तोटा नाही.